लेनर्डला नेमकं कोणी घडवलं? आराखड्यात ‘परिणामकारकता’ लिहिण्याआधी

पेट झाली, आता आराखडा लिहायचाय, अशा टप्प्यावरच्या मुलामुलींचे कच्चे मसुदे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. शीर्षकात एक शब्द हमखास असतो: परिणामकारकता. ‘अमुक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ आत गेलं की अभिकल्पही ठरलेला. एकच गट, आधी पूर्वचाचणी, मग कार्यक्रम, मग उत्तरचाचणी, शेवटी टी-टेस्ट. गुण वाढले, कार्यक्रम परिणामकारक, शिफारशी, समाप्त.

माझाही पहिला मसुदा असाच होता. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं, “आणि हा कार्यक्रम झालाच नसता, तर या मुलांचं काय झालं असतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न किती अवघड आहे हे मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा अमेरिकन बास्केटबॉलमधून जास्त नीट कळलं, म्हणून आज तेच उदाहरण घेतोय. बास्केटबॉल येत नसेल तरी अडणार नाही. उदाहरण निवडण्याचं कारण साधं आहे: तिथे प्रत्येक फेक मोजली जाते, आकडे सगळ्यांना खुले असतात, एकेका निर्णयावर कोट्यवधी डॉलर लागलेले असतात, आणि तरीही ‘आम्ही हा खेळाडू घडवला’ हे सिद्ध करणं भयंकर कठीण जातं. मग वीस-पंचवीस जणांच्या एका वर्गावर तुमचं काय होईल, विचार करा.

तर गोष्ट सॅन अँटोनियो स्पर्स या संघाची.

एनबीएमध्ये दर जूनमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो. संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात. कमकुवत संघांना साधारणपणे आधी संधी मिळते. स्पर्स वर्षानुवर्षं जिंकत होते, त्यामुळे त्यांचा नंबर नेहमी शेवटी. चांगली चांगली मुलं आधीच गेलेली असायची. २०११ च्या ड्राफ्टच्या रात्री त्यांनी जॉर्ज हिल हा आपला चांगला, प्रशिक्षक पॉपोविच यांचा लाडका खेळाडू इंडियाना संघाला दिला आणि त्या बदल्यात पंधराव्या क्रमांकावर निवडलेला कवाय लेनर्ड घेतला. लेनर्डचे हात प्रचंड मोठे, बचाव उत्तम, पण लांबून नेम लागत नव्हता. कॉलेजच्या दोन वर्षांत त्याच्या थ्री-पॉइंटर फेकांपैकी जेमतेम २५ टक्के आत गेल्या होत्या.

स्पर्सकडे चिप एंगेलंड नावाचे नेमबाजीचे प्रशिक्षक होते. २००५ पासून ते तिथे होते. टोनी पार्करच्या अंगठ्याची पकड बदलून त्यांनी त्याची फेक सुधारली, ही गोष्ट तोवर प्रसिद्ध झालेली होती. लेनर्ड बॉल डोक्याच्या फार वर-मागे नेऊन सोडायचा. तो थोडा खाली आणि पुढे आणायचा, एवढाच बदल. पहिल्याच हंगामात लेनर्डचं प्रमाण ३७.६ टक्के. २०१४ मध्ये तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५-१६ मध्ये प्रमाण ४४.३ टक्के. क्रीडा पत्रकारांना याहून छान गोष्ट कुठे मिळणार? ‘स्पर्सची खेळाडू घडवण्याची पद्धत’ यावर मग लेखच लेख आले.

आता तुमच्या भाषेत मांडा. पूर्वचाचणी २५. उपचार: एंगेलंड. उत्तरचाचणी ३७.६. एकल गट, तोही एका माणसाचा.

आधी आकडेच तपासू. पहिल्या हंगामात लेनर्डने जवळपास ११० थ्री-पॉइंटर फेकले. ११० फेका म्हणजे फार नाहीत. कागद-पेन्सिल घ्या आणि प्रमाणाच्या प्रमाणत्रुटीचं सूत्र वापरा: साधारण ४.६ टक्के येते. म्हणजे खरं कौशल्य २८-२९ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकलं असतं आणि तरी हंगामाअखेर ३७.६ दिसलं असतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, सुमारे ८६ फेकांवर, त्याचं प्रमाण २९ होतं. या दोन हंगामांतला फरक साडेआठ टक्क्यांचा, आणि दोन प्रमाणत्रुटींची मर्यादा येते साडेतेरा. फरक सार्थ नाही! पण कॉलेजची दोन्ही वर्षं एकत्र केली, म्हणजे सुमारे १६० फेका आणि २५ टक्के, तर फरक होतो साडेबारा आणि मर्यादा साडेअकराच्या आसपास. आता फरक सार्थ.

इथे जरा थांबा. खेळाडू तोच, फेका त्याच. फक्त ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी, हे मी बदललं आणि शून्य परिकल्पना एकदा टिकली, एकदा कोसळली. तुमची पूर्वचाचणी कधी घेणार हे आराखड्यात आधीच लिहून ठेवा असं गाईड का म्हणतात, ते यावरून कळेल. निकाल पाहून ‘आधी’ ठरवणारे संशोधक कमी नाहीत.

मग लेनर्ड सुधारलाच नाही का? सुधारला, नक्कीच. पण ते पाहायला थ्री-पॉइंटर ही वाईट मोजपट्टी आहे. एक तर त्या काळी कॉलेजची रेषा बास्केटपासून २० फूट ९ इंचांवर होती आणि एनबीएची २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीची प्रश्नपत्रिकाच वेगळी. दुसरं म्हणजे एनबीएची रेषा कोपऱ्यात जवळ येते, २२ फुटांवर. स्पर्समध्ये डंकन, पार्कर, जिनोबिली अशी मंडळी डाव रचायची. नवख्या लेनर्डचं काम बरंचसं कोपऱ्यात मोकळं उभं राहायचं आणि आलेला बॉल फेकायचा. सोप्या फेका मिळाल्या की प्रमाण वाढणारच. त्यात हात सुधारला किती आणि काम सोपं दिलं किती, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

फ्री थ्रो मात्र दोन्हीकडे १५ फुटांवरूनच. समोर बचाव करणारा कोणी नाही, घाई नाही, तीच फेक पुन्हा पुन्हा. कॉलेजात लेनर्डचं फ्री थ्रोचं प्रमाण ७४-७५ टक्के होतं. पहिल्या हंगामात ७७. बघा, जिथे मोजपट्टी स्वच्छ आहे तिथे पहिल्या वर्षीचा चमत्कार दिसतच नाही. २०१५-१६ मध्ये मात्र ८७.४ आणि त्याच्या पुढच्या हंगामात ८८. एवढ्या शेकडो फेकांवर हा फरक योगायोगाचा नाही. सुधारणा खरी आहे, फक्त ती सावकाश झालेली आहे.

आता कारणाकडे वळू. इथे गंमत आहे.

२०११ चा ड्राफ्ट २३ जूनला झाला. १ जुलैपासून संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या वादातून टाळेबंदी सुरू झाली. गिरण्यांच्या संदर्भात आपण ऐकलेला तोच शब्द, तोच अर्थ. टाळेबंदीच्या काळात संघाच्या प्रशिक्षकांना खेळाडूंशी संपर्क ठेवायला मनाई होती, संघाचं मैदान वापरायलाही बंदी. वाद मिटून सरावशिबिरं उघडली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि हंगाम सुरू झाला २५ डिसेंबरला, तोही ८२ ऐवजी ६६ सामन्यांचा. म्हणजे ड्राफ्ट आणि पहिला सामना यांच्यामधल्या सहा महिन्यांत संघाला त्याच्याबरोबर मिळाले ते सुरुवातीचे काही दिवस आणि शेवटचे दोन आठवडे. मधले पाच महिने लेनर्ड स्वतःच्या बळावर सराव करत होता.

तर मग पहिल्या वर्षीचं श्रेय कोणाचं? ‘एंगेलंडनी काय करायचं ते सांगितलं, लेनर्डने ते एकट्याने केलं,’ असं कोणी म्हणेल. शक्य आहे. पण मग हेही शक्य आहे की एकट्याने पाच महिने राबणारा मुलगा कोणत्याही संघात गेला असता तरी सुधारला असता. शिवाय तो तेव्हा नुकताच २० वर्षांचा झालेला. या वयात अंग भरतं, खेळ समजायला लागतो, कोणी काही न शिकवताही बरेच जण सुधारतात. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये मांडलेले आंतरिक वैधतेचे धोके तुम्ही पाठ केले असतील: परिपक्वता, इतिहास, साधनांतला बदल वगैरे. परीक्षेपुरती ती यादी रूक्ष वाटते. लेनर्डवर लावून बघा, एकेक शब्द जिवंत होतो.

पण सगळ्यात मोठा धोका निवडीचा आहे, आणि इथे तो फार चिवट आहे. स्पर्सने लेनर्ड चिठ्ठी टाकून घेतला नव्हता. हातातला भरवशाचा खेळाडू देऊन घेतला होता. म्हणजे या मुलाबद्दल त्यांना असं काहीतरी दिसलं होतं ज्यासाठी ते किंमत मोजायला तयार होते. त्यांनी त्याची आजची नेमबाजी निवडली नाही, उद्याची निवडली. जो सुधारेल असं वाटतं त्यालाच कार्यक्रमात घ्यायचं आणि नंतर तो सुधारला की कार्यक्रमाला शाबासकी द्यायची! हे जे ‘काहीतरी दिसलं’ ते तुमच्या डेटाच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नसतं. हाताची लांबी असते, उडी असते. मुलगा सकाळी किती वाजता जिममध्ये येतो ते नसतं. तुमच्या अभ्यासातही हेच होणार आहे. मुख्याध्यापकांनी ‘उपक्रमासाठी’ तुम्हाला जो वर्ग दिला, तो कोणता आणि का दिला, हे विचारलंत का?

याला जोडूनच दुसरी गोष्ट, जी सांगायला कोणाला आवडत नाही. लेनर्ड, पार्कर ही नावं आपल्याला माहीत आहेत. लिव्हिओ जीन-चार्ल्स माहीत आहे? स्पर्सने २०१३ च्या पहिल्या फेरीत, २८ व्या क्रमांकावर घेतलेला. २०१६ मध्ये सोडून दिला. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. जेम्स अँडरसन? २०१० मध्ये विसावा. पायाला दुखापत झाली, करारात तिसरं वर्ष वाढवायचा पर्याय संघाने वापरला नाही, तो गेला. संघ तेच, व्यवस्था तीच, एंगेलंडही तेच. ‘स्पर्सची पद्धत’ यावरच्या लेखांत ही नावं क्वचितच येतात, कारण यशाची यादी करून मग पद्धत शोधली तर ती सापडतेच. छेदात कोण आहे ते आधी मोजायचं असतं. आपल्याकडे सतनाम सिंगच्या ड्राफ्टची, २०१५, डॅलस, ५२ वा क्रमांक, केवढी बातमी झाली होती; डॅलसच्या दुय्यम संघात दोन हंगाम खेळून तो परतला, त्याची झाली नाही. शाळेतल्या उपक्रमातही जी पोरं मध्येच गळाली ती उत्तरचाचणीला नसतात आणि सरासरी आपोआप वर चढते.

दुय्यम संघ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण ‘घडवणं’ प्रत्यक्षात बरंचसं तिथे होतं. एनबीएची एक कनिष्ठ लीग २००१ पासून आहे, आज तिला जी लीग म्हणतात. स्पर्सने २००७ मध्ये त्यातला ऑस्टिनचा संघ विकत घेतला. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो यांच्यात अंतर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, पुणे-मुंबईपेक्षा कमी. ज्या पोराला मोठ्या संघात बाकावर बसून राहावं लागतं, त्याला तिकडे पाठवायचं, पूर्ण वेळ खेळवायचं, गरज पडली की बोलवायचं. डेरिक व्हाइट पहिल्या वर्षी असाच जाऊन-येऊन होता आणि २०१८ मध्ये ऑस्टिनने जी लीगचं विजेतेपद मिळवलं तेव्हा त्या संघात होता. यामागचं गृहीतक सरळ आहे: खेळायला मिळालेली मिनिटं हेच खरं औषध.

आणि याच गृहीतकामुळे प्रश्न आणखी गुंततो. मिनिटं कोणाला मिळतात? बॅरी स्टॉ आणि ह्वांग यांचा १९९५ चा एक प्रसिद्ध शोधनिबंध आहे; मिळाला तर मूळ वाचा, लिखाण अगदी सुबोध आहे. १९८० ते १९८६ च्या ड्राफ्टमधले खेळाडू त्यांनी घेतले आणि दाखवलं की कामगिरी, दुखापत, खेळायची जागा हे सगळं हिशेबात धरूनही, आधीच्या क्रमांकावर निवडलेल्यांना जास्त मिनिटं मिळत राहतात आणि ते लीगमध्ये जास्त टिकतात. ज्याच्यावर मोठी किंमत मोजली त्याला बाकावर बसवणं संघाला जड जातं. पुढे १९९९ मध्ये कॅमरर आणि वेबर यांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. परिणाम उरला, पण कमी झाला. मला या दोन निबंधांची जोडी फार आवडते. दुसऱ्याने पहिल्याला खोटं पाडलं नाही, फक्त विचारलं, की आधीचा क्रमांक हाच मुळात खेळाडू चांगला असल्याचा पुरावा असेल तर? तुमच्या संदर्भग्रंथ-परीक्षणात ‘अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांनी अभ्यास केला’ असे वीस परिच्छेद एकाखाली एक लावण्यापेक्षा असे दोनच अभ्यास एकमेकांसमोर ठेवलेत तर वाचणाऱ्याला जाग येईल.

मग त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं? एकच खेळाडू एकाच वेळी दोन संघांत घालता येत नाही. पण २०११ च्या त्याच ड्राफ्टमध्ये, लेनर्डच्या अगदी आधी, काय घडलं बघा. तेरावा निवडला गेला मार्किफ मॉरिस, फीनिक्सकडून. चौदावा मार्कस मॉरिस, ह्यूस्टनकडून. दोघे एकसारखे जुळे भाऊ! घर एक, शाळा एक, तीन वर्षं कॉलेजही एकच, कॅन्सस. उंची, वय, टाळेबंदी, सगळं सारखं. फरक फक्त संघाचा. निसर्गानेच प्रयोग मांडून दिला म्हणा.

पहिल्या हंगामात मार्किफ फीनिक्ससाठी ६३ सामने खेळला. मार्कस ह्यूस्टनसाठी फक्त १७. त्याला दुय्यम संघात, रिओ ग्रांड व्हॅलीला पाठवलं गेलं. इथेच थांबून कोणी लिहील, फीनिक्सने घडवला, ह्यूस्टनने वाया घालवला. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये मार्कसची फीनिक्सलाच बदली झाली, दोघे भाऊ पुन्हा एका संघात आले, आणि पुढे दोघांचीही कारकीर्द दहा वर्षांहून लांबली. मार्किफ २०२० मध्ये लेकर्सबरोबर विजेता ठरला. मार्कसने २०१९-२० च्या हंगामात न्यू यॉर्ककडून सामन्यामागे सरासरी १९.६ गुण केले. सुरुवातीचा एवढा मोठा फरक शेवटी कुठे गेला?

एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे तुम्हीच आता मला सांगाल. शिवाय मधेच ते एकत्र आल्यामुळे तुलनाही बिघडली. पण ‘कार्यक्रम नसता तर’ या प्रश्नाचं उत्तर दिसायला कसं असतं, ते इथे दिसतं. तुलनेचा गट म्हणजे शेजारच्या शाळेतला जो हाती लागेल तो वर्ग नव्हे. ज्याच्याबद्दल ‘उपचार सोडला तर बाकी सगळं जवळपास सारखंच’ असं छातीठोकपणे म्हणता येईल, तो. आणि किती काळाने मोजलं यावरही उत्तर बदलतं: एका वर्षाने मोजलं असतं तर भावांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, दहा वर्षांनी जवळपास नाही. सहा आठवड्यांच्या उपक्रमानंतर लगेच घेतलेली उत्तरचाचणी नक्की काय मोजते, हा प्रश्न मौखिकीत येणारच, तयारी ठेवा.

ज्यांना याच विषयावर काम करायचंय, क्रीडाशास्त्र असो वा संख्याशास्त्र, त्यांच्यासाठी एक सुचवणी. एंगेलंड २०२२ मध्ये स्पर्स सोडून ओक्लाहोमा सिटी थंडर संघात गेले. म्हणजे उपचार एका गटातून उठून दुसऱ्या गटात गेला. तिथला जॉश गिडी त्याआधीच्या, म्हणजे आपल्या पहिल्या हंगामात थ्री-पॉइंटर २६.३ टक्के टाकत होता, पुढच्या हंगामात ३२.५. लगेच टाळ्या वाजवू नका. तोही तेव्हा १९-२० वर्षांचाच होता. फक्त थंडरचे आधीचे-नंतरचे आकडे घेतलेत तर पुन्हा एकल गटच. त्याऐवजी चारही खाने भरा: थंडर २०२२ च्या आधी, थंडर नंतर, स्पर्स आधी, स्पर्स नंतर. दोन्हीकडे तेच खेळाडू घ्या जे बदलाच्या आधीही तिथे होते आणि नंतरही राहिले, नाहीतर निवड मागच्या दाराने परत येते. जे मधेच गेले त्यांची यादी वेगळी ठेवा, फेकून देऊ नका. वयानुसार इतर संघांतले खेळाडू साधारण किती सुधारतात ते काढून वजा करा. मोजपट्टी म्हणून थ्री-पॉइंटरच्या आधी फ्री थ्रो घ्या. आणि ‘आधी’ म्हणजे किती हंगाम, हे आकडे उघडण्यापूर्वी कागदावर तारीख घालून लिहा.

मग शीर्षकात परिणामकारकता हा शब्द ठेवायचा का, ते तुमच्या गाईडबरोबर ठरवा. माझ्या शीर्षकातून मी तो काढला. आता तिथे ‘बदल आणि त्याची संभाव्य कारणं’ असं आहे. समितीतल्या त्याच बाईंनी ते वाचलं आणि यावेळी थेट नमुन्याबद्दल विचारायला सुरुवात केली.